तेरा टाके, तीन फेऱ्या

बनी पार्कात रविवारी संध्याकाळी इतके मराठी चेहरे एका हॉलमध्ये दिसतील असं मला वाटलं नव्हतं. पाठीमागे उभे आहेत त्यांनी पुढे या, सतरंजीवर जागा आहे. कॅमेरा माझ्यावर आहे, तुमच्यावर नाही, तेव्हा निवांत बसा.

विषय बॉक्सिंगचा आहे, आणि तोही वजनदार गटाचा. जयपूरला मला लोक विचारतात, मराठी माणूस आणि बॉक्सिंग, हे जमलं कसं? मी मूळचा साताऱ्याकडचा, कॉलेजात ६० किलोच्या आत खेळायचो, पुढं नोकरीनं इकडं आलो. गेली काही वर्षं संध्याकाळी पोरांना थोडंफार शिकवतो. तेव्हा मी जे सांगणार आहे ते प्रेक्षकाच्या खुर्चीतून कमी आणि रिंगच्या कोपऱ्यातून जास्त आहे.

आज मी सतीश कुमारबद्दल बोलणार आहे. किती जणांना नाव आठवतं? दोन हात वर आले. टोकियो ऑलिंपिक म्हटलं की नीरज चोप्राचा भाला आठवतो, मीराबाई आठवते, लवलीना आठवते, हॉकी आठवते. १ ऑगस्ट २०२१, रविवार. त्या दिवशी सिंधूनं कांस्य जिंकलं आणि आपल्या हॉकी संघानं ब्रिटनला हरवून उपान्त्य फेरी गाठली. त्याच दिवशी सकाळी, आपली पोह्यांची ताटली हातात असताना, एक बत्तीस वर्षांचा फौजी चेहऱ्यावर १३ टाके घेऊन रिंगमध्ये उतरला होता. हनुवटीवर ७ आणि कपाळावर ६. समोर होता उझबेकिस्तानचा बखोदिर जलोलोव. सतीश ०-५ हरला. पाचही पंचांनी कौल जलोलोवच्या बाजूनं दिला, आणि त्यात वाद घालण्यासारखं काहीही नव्हतं.

मग हरलेल्या माणसावर व्याख्यान का? सांगतो. पण आधी तो तिथपर्यंत पोचला कसा ते ऐका, कारण मला खरी गोष्ट तिथं दिसते.

सतीश उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यातला. लहानपणी त्यानं बॉक्सिंगचे ग्लोव्हज घातले नव्हते. तो कबड्डी खेळायचा. २००८ साली फौजेत भरती झाला. तिथं प्रशिक्षकांनी त्याची उंची पाहिली, खांदे पाहिले आणि म्हणाले, तू बॉक्सिंग कर. झालं. घरात कुणी बॉक्सर नाही, गावात रिंग नाही, विशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा हाताला पट्ट्या बांधल्या. कझाकस्तान, उझबेकिस्तान, क्युबा इथली पोरं त्या वयात आठ-दहा वर्षं रिंगमध्ये घालवून आलेली असतात.

आपल्याकडच्या वजनदार बॉक्सरची कथा बहुतेक वेळा अशीच सुरू होते. मूल अंगानं थोराड आहे, फौजेत गेलं, कुणाच्या तरी नजरेला पडलं. भिवानीचे हवासिंग फौजी होते. त्यांनी १९६६ आणि १९७० साली, दोन्ही वेळा बँकॉकला, एशियाडचं सुवर्ण मिळवलं. १९६२ च्या एशियाडला ते गेलेच नाहीत, कारण चीनबरोबरचं युद्ध. पंजाबातल्या संगरूर जिल्ह्याचे कौरसिंग, तेही फौजी. शेतकरी घरातले, विशी उलटल्यावर सैन्यात गेले आणि बॉक्सिंगला लागले तेव्हा पंचविशीही उलटली होती. पंचविशीनंतर! आपल्याकडे त्या वयात माणूस क्रिकेटसुद्धा गल्लीपुरतं ठेवतो. हा माणूस १९७९ साली राष्ट्रीय विजेता झाला आणि पुढची चार वर्षं ते पद त्यानं सोडलं नाही.

आपल्या महाराष्ट्रातून असा कुणी का आला नाही, असं तुम्ही विचाराल. माझं उत्तर सोपं आहे. कोल्हापूर-सांगली-सातारा पट्ट्यात पोरगं अंगानं मोठं निघालं की आजोबा त्याला तालमीत नेऊन सोडतात. खुराक सुरू होतो, दूध-बदाम-थंडाई, पहाटे जोर-बैठका, संध्याकाळी लाल माती. त्याच्या डोळ्यासमोर हिंदकेसरी असतो, महाराष्ट्र केसरीची गदा असते. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्य आणलं तेही कुस्तीतच. ठोसा मारण्याची आपल्याकडे परंपरा नाही, पकड घेण्याची आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. पण म्हणून पुण्यात मुंढव्याजवळ आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट असूनसुद्धा तिथं नावारूपाला आलेले बॉक्सर बहुतेक हरियाणाचे, मणिपूरचे. असो.

आता वजनाचा हिशेब समजून घ्या, कारण त्याशिवाय सतीशची लढत कळणार नाही. टोकियोत पुरुषांचा सर्वात वरचा गट होता ९१ किलोच्या पुढचा, त्याला सुपर हेवीवेट म्हणतात. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून तो आला. खालच्या सगळ्या गटांत वरची मर्यादा असते. ५२ किलोचा पोरगा ५२ किलोच्याच पोराशी लढतो. पण ९१ च्या वर छतच नाही. तुम्ही ९४ किलोचे असाल आणि समोरचा ११५ किलोचा, तरी लढायचं. तक्रार कुणाकडे करणार?

दुसरी अडचण सरावाची. माझ्याकडे ५० ते ६५ किलोची पोरं पुष्कळ आहेत. त्यांना एकमेकांसमोर उभं करता येतं. पण ९५ किलोचा एखादा आला तर त्याच्यासमोर उभं कुणाला करू? ६० किलोच्याला उभं केलं तर तो एका ठोशात बसेल, आणि मोठ्याला हळू मार म्हणून सांगितलं तर तो हळू मारायलाच शिकेल. मग तो बिचारा पॅडवर मारत बसतो, पिशवीवर मारत बसतो. पिशवी उलट मारत नाही. मोठ्या माणसाला मोठा माणूस चुकवायचा कसा हे मोठ्या माणसासमोरच शिकावं लागतं, आणि ती माणसं देशात मोजकी आहेत.

या सगळ्यातून सतीश वर आला. २०१४ च्या इंचिऑन एशियाडमध्ये कांस्य. २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. तिथं अंतिम फेरीत त्याला इंग्लंडच्या फ्रेझर क्लार्कनं हरवलं. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येईल. त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार. आणि मार्च २०२० मध्ये जॉर्डनमध्ये अम्मानला त्यानं मंगोलियाच्या बॉक्सरला हरवून ऑलिंपिकचं तिकीट घेतलं. सुपर हेवीवेट गटात ऑलिंपिकला पोचलेला तो पहिला भारतीय. अम्माननंतर लगेच करोना आला, ऑलिंपिक वर्षभर पुढं गेलं. तिशी ओलांडलेल्या बॉक्सरला एक वर्ष म्हणजे काय, हे ज्याचे गुडघे दुखतात त्याला विचारा.

टोकियोत पहिली लढत २९ जुलैला, जमैकाच्या रिकार्डो ब्राऊनशी. सतीश ४-१ जिंकला. ब्राऊनचे पाय जड पडत होते, सतीशनं त्याचा फायदा घेतला. टोकियोला आपले पाच पुरुष बॉक्सर गेले होते. अमित पंघाल, मनीष कौशिक, विकास कृष्ण, आशिष कुमार आणि सतीश. त्यातले अमित, विकास यांच्याकडून तर पदकाची आशा होती. पाचांपैकी एकच लढत जिंकून परत आला, तो सतीश. ज्याच्याकडून कुणी काही मागितलं नव्हतं तो.

पण त्या लढतीत त्याचा चेहरा फुटला. हनुवटी आणि कपाळ. इथं जरा थांबतो, कारण हा भाग टीव्हीवर कुणी समजावून सांगत नाही. पूर्वी हौशी बॉक्सिंगमध्ये डोक्याला हेडगार्ड असायचं. २०१३ पासून पुरुषांचं ते काढलं आणि रिओ ऑलिंपिकपासून पुरुष उघड्या डोक्यानं लढतात. त्याचं कारण दिलं गेलं की हेडगार्डमुळे मेंदूला बसणारे हादरे कमी होत नाहीत, उलट खेळाडू डोकं जास्त पुढं घालतो. त्या वादात मी आज पडत नाही. पण एक गोष्ट कोपऱ्यात उभं राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे: हेडगार्ड गेलं आणि कातडी फाटायचं प्रमाण वाढलं. भुवईच्या वरची कातडी हाडावर ताणलेली असते. डोक्याला डोकं घासलं तरी फाटते. आणि टाके घातलेली जखम तीन दिवसांत भरत नसते. पुढच्या लढतीत समोरच्याला ती दिसते, आणि तो तिथंच मारतो. त्यात क्रौर्य नाही, तो खेळच तसा आहे.

त्याच ऑलिंपिकमध्ये जखमांनी काय काय केलं पाहा. फ्रान्सच्या मुराद अलिएवला पंचांनी डोकं मारल्याबद्दल बाद केलं, तर तो रिंगच्या काठावर ठिय्या देऊन बसला. त्याच्यासमोर होता तो फ्रेझर क्लार्क. क्लार्क पुढं गेला आणि उपान्त्य फेरीत जलोलोवशी लढताना त्याच्याही भुवईला चीर पडली, लढत थांबवली गेली. राष्ट्रकुलचा विजेता, आणि त्याचीही तीच कथा.

आता जलोलोव. उंची जवळजवळ ६ फूट ७ इंच. डावखुरा. २०१९ चा जगज्जेता, आणि त्या जागतिक स्पर्धेत त्यानं अमेरिकेच्या रिचर्ड टोरेसला असं पाडलं होतं की ते चित्रण आजही मी माझ्या पोरांना दाखवत नाही. टोकियोला येण्याआधीच तो व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये उतरला होता आणि आठही लढती त्यानं समोरच्याला झोपवून जिंकल्या होत्या. एकीकडे हा. दुसरीकडे सतीश, सहा फूट दोनच्या आसपास, चेहऱ्यावर १३ टाके. स्पर्धेच्या डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली. निर्णय उरला त्याच्यावर.

त्यानं नंतर एका मुलाखतीत सांगितलं आहे की बायको नको म्हणत होती, आणि ते पाहणं वडिलांना फार जड गेलं. पण उतरलो नसतो तर आयुष्यभर रुखरुख राहिली असती, असं तो म्हणाला.

तीन फेऱ्या, प्रत्येकी तीन मिनिटं. ती लढत मी बऱ्याच वेळा पाहिली आहे. जलोलोव लांबून मारतो, त्याचा हात पोचतो आणि सतीशचा पोचत नाही. पहिल्या फेरीतच निकाल दिसतो. सतीशचे उजव्या हाताचे काही ठोसे बसतात, मोजके, पण बसतात. तिसऱ्या फेरीत कपाळावरचे टाके उसवतात, रक्त डोळ्यावर यायला लागतं. इथं मला एक बारकावा दिसतो, तुम्ही पुन्हा पाहिलंत तर तुम्हालाही दिसेल. हरणारा बॉक्सर शेवटच्या मिनिटाला साधारण दोनपैकी एक करतो. समोरच्याला मिठी मारून वेळ काढतो, नाहीतर डोळे मिटून हात फिरवतो. सतीश पुढं सरकत होता, अंतर तोडून आत जायचा प्रयत्न करत होता. आत जाणं हाच उंच माणसावरचा एकमेव उपाय आहे, आणि आत जाताना तोंडावर खावं लागतं. फाटलेलं तोंड घेऊन तो योग्य तेच करत होता. हे शौर्य वगैरे नंतर म्हणा, आधी हे म्हणा की त्याचं तंत्र शेवटपर्यंत सुटलं नाही.

लढत संपल्यावर जलोलोव त्याच्याजवळ आला, चांगला लढलास म्हणाला. देशातून फोन सुरू झाले, जणू जिंकलाच आहे. जलोलोवनं पुढं सुवर्ण नेलं, अंतिम फेरीत त्याच टोरेसला हरवून.

इंग्रजी सिनेमात हे दुबळ्या बॉक्सरचं प्रकरण फार गोड करून दाखवतात. रॉकी सगळ्यांनी पाहिलाय. त्याच्यामागं खरा माणूस होता चक वेपनर, न्यू जर्सीचा दारूविक्रेता. १९७५ साली तो महंमद अलीसमोर पंधराव्या फेरीपर्यंत टिकला, १९ सेकंद उरली असताना लढत थांबवली. वेपनरच्या चेहऱ्यावर कारकिर्दीत इतके टाके पडले की लोक त्याला रक्ताळणारा म्हणूनच ओळखायचे. सिनेमा निघाला, कोट्यवधी कमावले, आणि वेपनरला स्टॅलनवर दावा लावावा लागला. २००६ मध्ये तडजोड झाली. आणि टोकियोचं म्हणाल तर त्याच शहरात १९९० साली बस्टर डग्लसनं माइक टायसनला दहाव्या फेरीत पाडलं होतं, भाव होता ४२ ला १. असं होतं. पण दर ४२ वेळा होत नाही, आणि त्या ४२ जणांबद्दल सिनेमा निघत नाही.

आपले कौरसिंग अलीसमोर उभे राहिलेले आहेत, हे माहीत आहे का कुणाला? २७ जानेवारी १९८०, दिल्लीचं नॅशनल स्टेडियम. चार फेऱ्यांची प्रदर्शनी लढत. अली त्या वेळी निवृत्ती जाहीर करून भारत दौऱ्यावर आलेला होता. इथूनच पुढं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला मॉस्को ऑलिंपिकच्या बहिष्कारासाठी आफ्रिकेत पाठवलं. त्याच वर्षी कौरसिंग मुंबईतल्या आशियाई बॉक्सिंग स्पर्धेत सुवर्ण जिंकले. मुंबईत! आपल्यापैकी किती जणांच्या वडिलांनी ती बातमी वाचली असेल आणि विसरले असतील. १९८२ ला दिल्ली एशियाडचं सुवर्ण, अर्जुन, १९८३ ला पद्मश्री. १९८४ ला ऑलिंपिक. आणि मग गावी जाऊन शेती.

डिसेंबर २०१७ ला काय झालं ते सांगतो, कारण त्यात आपल्या जयपूरचा संबंध आहे. २३ डिसेंबरला सवाई मानसिंग इनडोअर स्टेडियममध्ये विजेंदर सिंगची व्यावसायिक लढत होती, घानाच्या अर्नेस्ट अमुझूशी. दहा फेऱ्या, विजेंदर जिंकला. मीही तिकीट काढून गेलो होतो. दिवे, संगीत, निवेदक, नेते पुढच्या रांगेत. आणि त्याच महिन्यात पेपरात बातमी होती की पद्मश्री कौरसिंग हृदयविकारानं रुग्णालयात आहेत आणि उपचारासाठी त्यांना खासगी सावकाराकडून दोन लाखांचं कर्ज काढावं लागलं. बातमी आल्यावर मग मदत आली. सैन्यानं तीन लाख दिले. राज्यवर्धन राठोड तेव्हा क्रीडामंत्री होते आणि खासदार आपल्या जयपूर ग्रामीणचे, त्यांनी खेळाडू कल्याण निधीतून पाच लाख मंजूर केले. शाहरुख खानच्या संघाकडूनही पाच लाख आले. कौरसिंग पुढं २७ एप्रिल २०२३ ला गेले, कुरुक्षेत्रच्या रुग्णालयात.

मदत करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, उलट धन्यवाद. पण मदत बातमीनंतर येते, हे मला टोचतं. बातमी आली नसती तर? गावोगाव असे किती राष्ट्रीय विजेते असतील ज्यांची बातमी येत नाही? वजनदार बॉक्सरचं शरीर म्हातारपणी खर्चिक असतं. गुडघे, पाठ, हृदय. त्याच्या विशीत आपण त्याच्या अंगाकडे बघून त्याला खेळात ओढतो आणि साठीत ते अंग त्याच्याच गळ्यात टाकतो.

गेल्या वर्षी एक ताई मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. सोळा वर्षांचा, ९० किलोचा, शाळेत त्याला जाड्या म्हणून चिडवायचे. माझ्याकडे आल्यापासून ताठ चालायला लागला होता. त्या म्हणाल्या, "सर, हा स्पर्धेत उतरतो म्हणतोय. तुम्ही त्या सतीशचा व्हिडिओ दाखवलात म्हणे. खरं सांगा, तुमचा मुलगा असता तर त्या दिवशी उतरवला असतात?"

मी त्यांना लगेच उत्तर दिलं नाही. प्रश्न नीट होता आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं होतं. मी म्हणालो, "ताई, बत्तीस वर्षांच्या, तेरा वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला मी अडवलं नसतं. पण कोपऱ्यात टॉवेल माझ्या खांद्यावर असता, आणि तिसऱ्या फेरीत त्याचे हात खाली आलेले दिसले असते तर मी तो टाकला असता. त्याचे हात खाली आले नाहीत. तुमच्या मुलाचं म्हणाल, तर डोक्याला मार बसल्यावर मी त्याला महिनाभर रिंगला शिवू देणार नाही, आणि तो रडला तरी नाही. हे मान्य असेल तर पाठवा." त्या "बघते" म्हणाल्या. मुलगा अजून येतो. स्पर्धेत अजून उतरलेला नाही. घाई नाही.

टाळ्यांबद्दलही मला बोलायचं आहे. जखमी खेळाडूला आपण फार पटकन टाळ्या देतो. सतीशच्या टाक्यांचा फोटो जेवढा फिरला त्याच्या पावपट तरी ब्राऊनविरुद्धची लढत लोकांनी पाहिली का? ती त्यानं जिंकली होती. अक्कल वापरून जिंकली होती. आपल्याला रक्त दिसलं की माणूस मोठा वाटतो, आणि त्यानं पाय कसे टाकले हे आपण बघत नाही. सतीशची दया करू नका. मला तो एक सैनिक-कामगार दिसतो, ज्याला उशिरा एक काम दिलं गेलं आणि ज्यानं ते बारा-तेरा वर्षं नीट केलं.

त्यानंतरचं थोडक्यात. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत हरियाणातल्या झज्जरच्या सागर अहलावतनं सर्वात वरच्या गटात रौप्य आणलं. त्यानं मेवेदर आणि पॅकिआओच्या लढतीबद्दल पेपरात वाचलं आणि मग बॉक्सिंगकडे वळला. पुन्हा तीच उशिराची सुरुवात. हांगझोऊ एशियाडमध्ये नरेंदर बेरवालनं कांस्य मिळवलं. म्हणजे माणसं येतायत. पण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला भारताचे दोनच पुरुष बॉक्सर पोचले, अमित पंघाल ५१ किलोत आणि निशांत देव ७१ किलोत. सतीशच्या गटात कुणीच नव्हतं. त्या गटाचं सुवर्ण पुन्हा जलोलोवनं नेलं.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागे कुणीतरी मघापासून हात वर करून उभं आहे. बोला काका, माईक घ्या.